गोड पाण्याची विहीर

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना दगड मिळाले आणि माझ्या वाट्याला चिखल आला. कुणी चिखलदऱ्याच्या घाटात बेसाल्टचे थर मोजत होतं, कुणी मेळघाटातल्या ओढ्यांमधून गारगोट्या वेचत होतं, आणि रविवारी अमरावतीला होस्टेलवर येऊन आम्हाला धुक्याच्या गोष्टी ऐकवत होतं. मला प्रबंधाच्या सरांनी पूर्णा नदीचं खोरं दिलं. अकोल्याच्या उत्तरेला आणि दर्यापूरच्या बाजूला नदीने आणून टाकलेला गाळ आहे, खोल, माती न् वाळूचा. वर काळी जमीन आणि खाली खारं पाणी. भूगर्भशास्त्र शिकायला आलेल्या मुलीला प्रबंधाच्या अख्ख्या वर्षात एकदाही हातोडी उगारायला मिळू नये, हा अन्याय मी आजही विसरलेले नाही.

त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाला वापरलं तर दूध फाटतं. शेताला दिलं तर काही वर्षांत जमीन अशी आवळते की नांगर चालत नाही. म्हणून विहीर असूनही शेती पावसावरच. प्यायचं पाणी सातपुड्यातल्या धरणावरून नळाने यायचं, तेही कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. माझं काम एवढंच होतं की गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, प्रयोगशाळेत तपासायचं आणि कुठे किती खार आहे त्याचा नकाशा काढायचा. उत्तर काय येणार ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गावातल्या म्हशींनासुद्धा.

आणि मला तर संशोधनात जायचं होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी. करायची, हे मी बी.एस्सी.पासून घोकत आले होते. आमच्या विभागातून तिथे कुणी गेलेलं नव्हतं. लेखी परीक्षा रट्टा मारून निघाली असती. खरी चाळणी मुलाखतीत होती. सर म्हणायचे, "तिथे मार्कं कोणी विचारत नाही. तुझ्या कामात नवं काय, एवढंच विचारतात." नवं काय? खारं पाणी खारं आहे, हे?

बाबांचं अकोल्याला जठारपेठेत वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान होतं. शेतीचं बिनसलं तसं खेड्यांवरून येणारं गिऱ्हाईक रोडावलं. लोक पोरांना अर्ध्या वह्या जुन्याच चालवायला लावायचे, असे ते दिवस. बाबा आरडाओरडा करणारे नव्हते. "एकदा मुलाखत देऊन पाहा," ते म्हणाले, "नाही जमलं तर बी.एड. करून घे. शाळेत लागशील." यात चिडण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी जास्तच चिडले. पण ठरलं ते ठरलं. एकच मुलाखत, एकच खेप.

फिल्डवर मी आणि माझी मैत्रीण बरोबर जायचो. ती अचलपूरची, तिच्याकडे शेजारचा तालुका होता आणि तोही चिखलाचाच, त्यामुळे आमचं जमलं. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे काळी-पिवळी जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. पाठीवर बाटल्यांचं ओझं. जाताना बाटल्या रिकाम्या म्हणून वाजायच्या, येताना भरलेल्या म्हणून खांदे तोडायच्या. मैत्रीण म्हणायची, "लोक शिकून साहेब होते, आपन शिकून पानी भरून राहिलो." सुरुवातीला मी प्रत्येक विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन बघायचे. दिवाळीआधीच पोट असं बिघडलं की ती हौस बंद झाली.

त्या वर्षांत वऱ्हाडात नुसत्या पाहण्या चालल्या होत्या. रोज पेपरात पहिल्या पानावर गावाचं नाव आणि शेतकऱ्याची आत्महत्या. मग सरकारी मदतीच्या पॅकेजच्या पाहणीला त्या गावात गाड्या यायच्या, मुंबईचे साहेब, दिल्लीचे साहेब, कॅमेरेवाले. आम्ही पारावर टेकलो की कुणीतरी विचारायचंच, "तुमी कोन्या पॅकेजवाल्या?" आम्ही विद्यार्थिनी आहोत, विहिरीचं पाणी तपासतो, असं सांगितलं की माणसं मान हलवायची आणि विडी पेटवायची. "मोजा," एक म्हातारा म्हणाला होता, "जे आलं ते मोजूनच जाते." तो रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता दमलेला होता. आम्हीही दमलेल्या होतो.

ऑक्टोबरचं ऊन वऱ्हाडात कसं असतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. अशाच एका दुपारी मैत्रीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि मी एका घराच्या ओसरीपाशी पोचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. विहीर घराच्या मागे, गोठ्याला लागून. घरातली बाई नुकतीच वेचणीवरून आली होती. ओटीत कापूस तसाच, डोक्याला जुना शर्ट बांधलेला. माझ्याकडे पाहून तिने आधी मला खाली बसवलं.

"काकू, तुमच्या विहिरीचं पाणी हवंय. बाटलीभर. तपासायला."

"देतो ना. तुमी बसा. तोंड पाहा केवळं झालं."

सरांचा नियम होता, बादली आपल्या हाताने टाकायची. मी उठायला लागले तर तिने खांद्याला धरून परत बसवलं, बाटली हातातून घेतली आणि आत गेली. थोड्या वेळाने बाटली भरून, बाहेरून पदराने पुसून माझ्यापुढे ठेवली. शेजारी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. ते पाणी नळाचं, जपून ठेवलेलं, हे मला माहीत होतं. त्या गावांमध्ये पाहुण्याला तेच देतात. मी अख्खा तांब्या संपवला आणि मग मला लाज वाटली. ती हसून म्हणाली, "प्या, पानीच त आहे." मी बाटलीवर विहिरीचा क्रमांक लिहिला आणि निघाले.

नंतरचे दोन महिने प्रयोगशाळेत गेले. भारनियमन इतकं की यंत्रं चालायची तेव्हा आम्ही पळत यायचो. मिठाची तपासणी मात्र हातानेच. काचेच्या पात्रात नमुन्याचं पाणी, त्यात पिवळा क्रोमेट, आणि वरच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. पाण्यात मीठ आहे तोवर रंग पिवळा, संपलं की विटकरी लाल. खारपाणपट्ट्याच्या पाण्यात नळी रिकामी व्हायची तरी विटकरी यायचं नाव नाही. बोटांवर नायट्रेटचे काळे डाग पडायचे. मेसमधली वाढणारी बाई विचारायची, "काहून वं, मेंदी काळी रंगली?"

मग त्या घराच्या बाटलीची पाळी आली. दोन-चार थेंब पडले आणि पात्र लाल. मला वाटलं, मी काहीतरी विसरले. पुन्हा केलं. पुन्हा लाल. मैत्रिणीने केलं, लाल. आम्ही सरांना बोलावून आणलं. सर निवृत्तीला आलेले, गुडघे दुखायचे, सहसा जागचे हलायचे नाहीत. त्यांनी उभ्या उभ्या स्वतः नळी भरली, थेंब सोडले, आणि बराच वेळ त्या लाल पाण्याकडे बघत राहिले.

"चारी बाजूंनी खार," ते म्हणाले, "आणि मध्ये एक गोड विहीर."

सरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. पूर्णेच्या एखाद्या जुन्या फाट्याचं पात्र असेल, गाळाखाली गाडलं गेलेलं. तिथे वाळू असेल, वाळूत वरून पाऊस झिरपत असेल, आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असेल. तसं असेल तर त्या पात्राचा माग काढता येईल, त्यावरच्या गावंच्या गावांना गोड पाणी मिळेल. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात जाऊन रडले. सर म्हणाले, "आता तुझ्याजवळ सांगायला काहीतरी आहे."

त्यानंतर मी फक्त त्या विहिरीची झाले. जुने नकाशे काढले, नदीच्या पात्रांवर मिळेल ते वाचलं. विभागाच्या सेमिनारमध्ये तासभर बोलले, आणि कधी नव्हे ते मागच्या बाकावरची मुलं झोपली नाहीत. दुसरी बाटली आणायला जायचं मात्र परीक्षेच्या धांदलीत पुढे पुढे ढकलत राहिले. लेखी परीक्षा निघाली, मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की पोरीने खारपाणपट्ट्यात गोड पाणी शोधलंय. मी फोनवर म्हणायचे, "बाबा, अजून नक्की नाही," आणि मनातून वाटायचं, सांगू देत.

मार्चमध्ये प्रबंध टाइप करायला दिला होता. एक किरकोळ तक्ता राहिला होता, गावांना प्यायला मिळणाऱ्या नळाच्या पाण्याचा. तुलनेसाठी तो हवाच. मैत्रिणीच्या तालुक्यातही त्याच धरणाचं पाणी जायचं. तिने एका गावच्या नळाची बाटली आणून दिली आणि मी तपासली. आकडे मांडले, आणि माझं बोट थांबलं. मीठ, चुनखडी, सगळं त्या विहिरीच्या पाण्याशी जुळत होतं. थोडंफार नाही, जवळजवळ अगदी. जमिनीत मुरलेलं पाणी आणि धरणातून पाइपाने आलेलं पाणी इतकं सारखं असू शकत नाही.

मैत्रिणीने दोन्ही ओळी वाचल्या. कागद उलटा करून ठेवला.

"सोड ना यार," मग म्हणाली. "कोन जाते पाहाले? त्या मुलाखतीवाल्यांनी पूर्णा नदी तरी पाह्यली असन का?"

"आणि संस्थेत गेल्यावर त्याच विहिरीवर पुढचं काम करायला लावलं तर?"

"तवाचं तवा पाहू."

मी तिच्यावर भडकले. तिच्यावर भडकायचं काहीच कारण नव्हतं; मी रात्रंदिवस तेच स्वतःला सांगत होते. शेवटी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "जाऊ नको म्हणावंसं वाटते मला," ते म्हणाले. "खरंच वाटते. पण जाऊन ये."

त्या घरी पोचले तेव्हा ओसरीच्या आतली खोली कापसाने छतापर्यंत भरलेली होती. भाव वाढेल म्हणून ठेवलेला, वाढला नव्हता. घरभर ती कापसाची खाज. काकूंनी मला ओळखलं, हात धरून आत घेतलं, तांब्या भरून दिला. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "काकू, विहिरीचं पाणी मी स्वतः काढते आज."

तिचा चेहरा उतरला. ती दोर आणि बादली घेऊन माझ्यामागे आली. मी पाणी शेंदलं, ओंजळीत घेतलं आणि जिभेला लावलं. मीठ आणि मिठामागून कडवट. थुंकले. तपासायची गरजच नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही बाटलीत नळाचं भरलं होतं," मी म्हणाले.

"हो."

"मी विहिरीचं मागितलं होतं, काकू!" माझा आवाज चढला. गोठ्यातल्या गाईने मान वर केली. "मी स्पष्ट सांगितलं होतं!"

"मले समजलं होतं तुमी काय मागितलं थे," ती म्हणाली. "मी काही येडी नाई. पन तुमी उन्हातान्हातून माया दारी आल्या. पाहुन्याच्या हातात खारं पानी कसं देऊ? आमच्या घरी आजवर कोनी देल्लं नाई. तुमी थे बाटलीत भरून अमरावतीले नेनार, चार शिकलेले लोक पाहनार, म्हननार हे या बाईच्या घरचं पानी." ती विहिरीच्या काठावर टेकली. "हप्त्याभराचं ठेवलं होतं, त्यातलं देल्लं."

राग जिरत नव्हता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. मुलाखत, संस्था, जुनं नदीचं पात्र, बाबा दुकानात काय सांगतात ते.

"मंग आता तुमचं नाव नाई लागन?" तिने शेवटी विचारलं.

"बहुतेक नाही."

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मंग असं करा. लिवलं आहे थे लिवलेलंच राहू द्या. मी कोनाले सांगत नाई. धन्याले बी नाई."

"तसं करता येत नाही, काकू."

"काहून नाई?" ती एकदम तावात आली. "तुमचं काम होते आन् आमचं बी होते. माया पोराले तीन वर्षं झाले पाहून राहिलो. शेत आहे, पोरगं सुधं आहे, दारू नाई, काई नाई. पोरीवाले येते, तांब्यातलं पानी पेते, मंग मागं जाऊन विहिरीचं पेऊन पाह्यते. आन् निंघून जाते. कुठी त लिवलेलं राहीन ना, का या गावात गोड पानी आहे."

तिने हे माझ्याकडे मागितलं, विनवणीसारखं नाही, व्यवहारासारखं. तिने पाणी दिलं होतं, मी ते लिहून ठेवावं. मला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं, तिच्यासाठी की माझ्यासाठी ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी हो म्हटलं नाही. विहिरीच्या पाण्याची बाटली भरून घेतली. जाताना तिने पुन्हा तांब्या पुढे केला आणि मी उभ्यानेच प्यायले.

अमरावतीला येऊन ते पाणी तपासलं. नळी रिकामी झाली तरी रंग पिवळाच. नकाशावर खाऱ्या पाण्याची जागा लाल रंगवायची होती. आम्ही एक निळा ठिपका दिला होता, तो पुसून लाल केला. टाइप करणाऱ्याने अर्धी पानं बदलायला लागली म्हणून तोंड वाकडं केलं. जुन्या पात्राचं प्रकरण गेलं. प्रबंध निम्मा उरला. सर म्हणाले, "बरोबर केलंस," आणि लगेच कपाटात काहीतरी शोधू लागले. त्यांनी रागवायला हवं होतं. निदान मला रडता आलं असतं.

मुलाखतीला बाबा बरोबर आले. दोन दिवसांचा प्रवास, खिडकीबाहेर नुसतं ऊन. बाबा इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून सगळा प्रवास ताठ बसले होते. आत पाचजण होते. मी नकाशा उलगडला आणि त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने तो स्वतःकडे ओढून घेतला.

"एवढ्या सगळ्या भागात गोड पाण्याची एकही विहीर नाही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"नक्की? एखादी सुटली असेल."

मला ओसरी दिसली, आणि पदराने पुसलेली ती बाटली. तो माणूस माझ्यासाठी दार किलकिलं करून देत होता, हे मला स्वच्छ कळत होतं. पुढे शोध घेण्यासारखं आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"नक्की," मी म्हणाले. "एक तशी वाटली होती, ती मी पुन्हा जाऊन तपासली."

"मग यात नवं काय?"

मी नकाशाकडे पाहिलं, सगळा लाल. त्यांनी नकाशाची घडी घालून परत दिली, अगदी सौजन्याने. बाहेर बाबा उठून उभे राहिले. माझा चेहरा पाहून पुन्हा बसले. परतीच्या गाडीत ते एकदाच म्हणाले, "दुकानात आता लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, सांगा की पाणी खारं निघालं.

निवड झाली नाही. बी.एड. झालं, अकोल्यातच शाळेत लागले, भूगोल शिकवते. मैत्रीण कुठल्याशा कोळसा खाणीत मोठ्या जागेवर आहे आणि अजून मला म्हणते, "तू पागल होती." खरं लिहिल्याचं समाधान असेल ना, असं कुणी विचारलं की मी होकार देते, कारण नाही म्हटलं तर लोकांना बरं वाटत नाही. खरं सांगायचं तर मला समाधान वाटलं नाही. मी दोन घरांचं काम बिघडवलं, एवढंच तेव्हा वाटलं होतं आणि त्यातलं एक माझं होतं. अकोल्याहून ते गाव बसने तासाभरावर आहे. त्या पोराचं लग्न जमलं का, हे विचारायला मी कधी गेले नाही.